संध्याकाळी चित्र फुटतं, वारा सुटला की आणखी फुटतं. बूस्टर लावून उलट बिघडलं. कुठून सुरुवात करू?

पारिजात
नमस्कार मंडळी. दोन महिने झगडते आहे, आता तुमच्याकडे आले.

छपरावर काड्यांची जुनी अँटेना आहे. तिथून साधारण २५ मीटर केबल खाली येते, चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये जाते आणि तिथून दोन टीव्हींना. स्प्लिटरची उरलेली दोन तोंडं रिकामी आहेत. टॉवर ४५ किलोमीटरवर, मध्ये मोठा डोंगर नाही.

दिवसा सगळं ठीक असतं. संध्याकाळी सातच्या सुमारास दोन चॅनल जातात: आधी चौकोन चौकोन, मग चित्र गोठतं, मग काळा पडदा. वारा सुटला की वेगळेच दोन-तीन चॅनल तसं करतात. टीव्ही सिग्नलची ताकद ८५ ते ९० दाखवतो, म्हणजे सिग्नल कमी आहे असंही वाटत नाही. तरी बूस्टर आणून टीव्हीच्या मागे जोडला. ताकद ९८ झाली, आणि जे चॅनल कधीच बिघडत नव्हते त्यातलेही दोन गेले!

आई दिवसभर घरी असते. मोबाईलवर बघणं तिच्या डोळ्यांना झेपत नाही, त्यामुळे हा टीव्ही तिच्यासाठी फार मोलाचा आहे. कृपया सांगा, आधी काय तपासू?

तारांगण
आधी तो बूस्टर काढा. तो आहे तोवर कोणताही आकडा खरा धरता येणार नाही.

बूस्टर फक्त चित्राचा सिग्नल वाढवत नाही, सोबत आलेला गोंगाटही तेवढाच वाढवतो. म्हणून ताकद ९८ झाली आणि चित्र गेलं. त्यातून जवळच्या एखाद्या टॉवरचा सिग्नल आधीच तगडा असेल तर बूस्टर त्याच्यामुळे तुंबतो आणि स्वतःच नवा कचरा तयार करतो. तुमचे धडधाकट चॅनल त्यातच गेले असावेत.

टीव्हीच्या सिग्नल माहितीत ताकदीशेजारी ‘गुणवत्ता’ असा दुसरा आकडा असतो, तो बघा. खरा आकडा तो. शिवाय जे चॅनल जातात त्यांची मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी लिहून द्या. पडद्यावरचा चॅनल क्रमांक नको, तो पुष्कळदा फक्त नावापुरता असतो.

झंझावात
तारांगण यांच्याशी असहमत. ४५ किलोमीटरला बूस्टर हवाच. माझ्याकडे बरीच वर्षं आहे आणि तो काढला तर निम्मे चॅनल दिसत नाहीत. पारिजात ताई, तुमचा बूस्टर लहान असेल, मोठा घ्या.

तारांगण
@झंझावात, तुमचा बूस्टर कुठे बसवलाय? अँटेनाच्या दांड्यावर की टीव्हीमागे?

झंझावात
दांड्यावर. खालून केबलमधूनच त्याला वीज जाते.

तारांगण
मग तुमचं बरोबर आहे, पण ताईंचा बूस्टर टीव्हीमागे आहे. सगळा फरक तिथे पडतो. जरा हिशेब मांडतो.

चांगल्या आरजी-६ केबलमध्ये ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास २५ मीटरला साधारण ४ ते ५ डेसिबल सिग्नल गळतो. चार तोंडांचा स्प्लिटर आणखी ७ डेसिबल खातो. म्हणजे सुमारे १२ डेसिबल. दर ३ डेसिबलला सिग्नल निम्मा होतो, म्हणजे अँटेनाने पकडलेल्याचा सोळावा हिस्सा टीव्हीपर्यंत पोचतो. दांड्यावरचा बूस्टर ही गळती होण्याआधी सिग्नल उचलतो. टीव्हीमागचा बूस्टर उरलेला सोळावा हिस्सा आणि त्यात मिसळलेला गोंगाट दोन्ही एकत्र मोठे करतो. एकदा बुडालेलं त्याला वर काढता येत नाही.

ताई, तुम्हाला दोनच टीव्ही आहेत ना? चारऐवजी दोन तोंडांचा स्प्लिटर लावा. त्यात साडेतीन डेसिबलच जातात. बूस्टरशिवाय सिग्नल दुपटीहून थोडा जास्त मिळेल. चार तोंडांचाच ठेवायचा झाला तर रिकाम्या तोंडांवर ७५ ओहमच्या टोप्या बसवा. उघड्या तोंडावरून सिग्नल उलटा फिरतो आणि चालू टीव्हीला त्रास देतो.

आणि ४५ किलोमीटर एवढ्या अंतराला घाबरायचं कारण नाही. अँटेना ९ मीटरवर आणि टॉवरचं टोक २२५ मीटरवर धरा. दोन्ही उंचींची वर्गमुळं ३ आणि १५. त्यांची बेरीज गुणिले ४.१२ म्हणजे ७४ किलोमीटर. सपाट प्रदेशात पृथ्वीची गोलाई तेवढ्यापर्यंत आड येत नाही.

शेवंती
तो वर्गमुळांचा हिशेब आमच्या अँटेनासाठी आत्ताच करून पाहिला, फार छान सोपा आहे. वाचनखूण साठवली.

अवांतर: पूर्वी पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी आम्ही बघत बसायचो. एकजण छपरावर, एकजण खिडकीत, एकजण टीव्हीसमोर. “आलं का?” “आलं आलं... गेलं!” आता मुंग्या येत नाहीत, एकदम अंधारच होतो. असं का?

जुनं खोड
शेवंती, अवांतर नाही, मूळ प्रश्न हाच आहे.

मी बरीच वर्षं सिग्नल मोजण्याचं काम केलं. अ‍ॅनालॉगमध्ये गोंगाट वाढला की चित्र हळूहळू खराब व्हायचं: मुंग्या, मग रंग जायचा, मग नुसत्या आकृत्या. टॉवरचा सिग्नल इमारतीवर आपटून उशिरा पोचला तर माणसाशेजारी त्याची फिकट सावली दिसायची. डोळ्यांना कळायचं की नक्की काय दुखतंय. डिजिटलमध्ये ठरावीक मर्यादेपर्यंत चुका दुरुस्त होतात आणि चित्र अगदी स्वच्छ दिसतं. मर्यादा ओलांडली की सगळं एकदम कोसळतं. अमेरिकेतल्या जुन्या एटीएससी या डिजिटल प्रक्षेपण पद्धतीत सिग्नल गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल वर लागतो. १६ ला चित्र स्वच्छ, १४ ला काहीच नाही.

म्हणून ‘दिवसा उत्तम दिसतं’ यावर विसंबू नका, पारिजात. दिवसासुद्धा तुम्ही कड्याच्या टोकावरच उभ्या असाल, फक्त कळत नसेल. चित्र बघून निदान करू नका, गुणवत्तेचा आकडा बघा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र आलं, तर कशामुळे आलं ते कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

मृण्मयी
माझा साधा प्रश्न. अँटेना जुनी आहे म्हणताय, मग ‘डिजिटल अँटेना’ घ्यायला नको का? खोक्यावर तसं लिहिलेलं असतं.

तारांगण
नको. अँटेनाला डिजिटल-अ‍ॅनालॉग काही कळत नाही. ती धातूच्या काड्यांची मांडणी आहे, समोर येईल ती लहर पकडते. छपरांवर दिसतात त्या बहुतेक अँटेना यागी-उदा घराण्यातल्या. जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये ही रचना जगापुढे मांडली. तीच आजही चालते.

बघायचं काड्यांच्या लांबीकडे. ३०० भागिले मेगाहर्ट्झ केलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते, आणि मुख्य काडी तिच्या निम्मी असते. ६०० मेगाहर्ट्झला २५ सेंटिमीटर, १८० ला जवळजवळ ८३. सपाट कागदासारखी छोटी अँटेना खिडकीला चिकटवून १८० वाले चॅनल का येत नाहीत, याचं उत्तर इथेच मिळतं.

पारिजात
सगळ्यांचे मनापासून आभार. बूस्टर काढला. जे दोन चांगले चॅनल गेले होते ते लगेच परत आले! तारांगण दादा, तुमचं निदान अगदी बरोबर निघालं. दोन तोंडांचा स्प्लिटरही बसवला.

फ्रिक्वेन्सी अशा:
संध्याकाळी जातात ते १७७ आणि १८९. दुपारी गुणवत्ता ७०, सातनंतर ३०.
वाऱ्यात जातात ते ५६९ आणि ५८७. गुणवत्ता ४५ ते ६०, सारखी हलती.
बाकीचे ८० च्या वर, स्थिर.

अँटेनाला लांब आणि आखूड दोन्ही काड्या आहेत.

तारांगण
वा! ही यादी म्हणजे अर्धं काम. तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांची औषधं वेगळी.

१७७ आणि १८९ खालच्या पट्ट्यातले. विजेच्या उपकरणांचा कचरा या पट्ट्याला जास्त छळतो. संध्याकाळी सातला घरात किंवा शेजारी काय चालू होतं ते शोधा.

५६९ आणि ५८७ वरच्या पट्ट्यातले. केबलमध्ये पाणी गेलं किंवा जोड सैल झाला तर पहिला फटका यांनाच बसतो.

गवाक्ष
एलईडी दिवा! तारांगण यांना +१.

आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. नवा दिवा लावला आणि खालच्या पट्ट्यातले चॅनल गेले. बिचाऱ्या अँटेनाला आम्ही महिनाभर दोष देत होतो. दिव्यात वीज बदलणारं छोटं सर्किट असतं, ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. त्याची गाळणी नीट नसेल तर दिवा म्हणजे छोटं प्रक्षेपण केंद्रच.

शोधायची युक्ती: बॅटरीवर चालणारा जुना रेडिओ घ्या, मीडियम वेव्हवर जिथे स्टेशन नाही तिथे काटा ठेवा आणि घरभर फिरवा. दोषी दिव्याजवळ, चार्जरजवळ गुरगुर वाढते. मला तरी तो दिवा या रेडिओनेच सापडला.

एचडीएमआय केबलही कधी कधी हाच उद्योग करते. ती काढून बघा, आकडा वाढला तर अँटेनाची तार तिच्यापासून दूर न्या, किंवा तिच्यावर फेराइटची, म्हणजे असा कचरा शोषून घेणारी, चिमटी लावा.

झंझावात
बूस्टरचा मुद्दा मान्य, टीव्हीमागे नको. पण वाऱ्याचं कारण झाडं. पानं हलली की वरच्या पट्ट्यातला सिग्नल हेलकावे खातो, ओल्या पानांत तर फारच. आमच्या समोरचं झाड पानगळीत उघडं पडलं की आकडा आपोआप वाढतो. ताई, टॉवरच्या दिशेला झाड आहे का?

जुनं खोड
झाडाचा मुद्दा खरा आहे, झंझावात, आणि तुमचा पानगळीचा अनुभव त्याचा पुरावाच. पण झाड की जोड, हे पाच मिनिटांत ठरतं. वारा नसताना एकाने केबल हलकेच हलवायची, दुसऱ्याने ५६९ चा आकडा बघायचा. आकडा नाचला तर झाडाचा दोष नाही.

संध्याकाळच्या बाबतीत मात्र मला एक शंका मांडायची आहे. शांत, निरभ्र दिवसांत संध्याकाळनंतर जमिनीलगत थंड आणि वर गरम असे हवेचे थर बसतात. त्यांच्यामधून लहरी वाकत फार दूर जातात आणि कधीही न दिसणारं शेकडो किलोमीटरवरचं केंद्र तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर येऊन आदळतं. तेही संध्याकाळीच होतं. त्याला घरात इलाज नाही, हवा बदलली की आपोआप जातं. अशा वेळी चॅनल पुन्हा शोधायला लावू नका. जे गायब असतील ते यादीतून पुसले जातील आणि मग नवाच गोंधळ.

ओळखायचं कसं? हवेचं कारण असेल तर रोज घड्याळ लावून सातला होणार नाही. एखाद्या उपकरणाच्या बटणाला बांधलेलं असेल तर होईल.

शेवंती
पारिजात, एक कळकळीची विनंती. छपरावर एकटीने चढू नका. ओलं असेल तर नकोच, वारा असेल तर नकोच, आणि आभाळात ढग गडगडत असतील तर दांड्याला हातही लावू नका. जवळून विजेच्या तारा जात असतील तर दांडा आडवा झाला तरी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही एवढं अंतर आहे का ते आधी बघा. आमच्या ओळखीत एकांचा जीव असाच गेला. चॅनल उद्या दिसेल. दांड्याला अर्थिंग आहे का तेही बघून घ्या.

पारिजात
शेवंती ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. शब्द देते, एकटी चढणार नाही.

आणि गवाक्ष, सापडला!!! जिन्यातला दिवा. अंधार पडला की आपोआप लागतो, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नव्हतं की ‘सातला काहीतरी चालू होतं’. तो काढला आणि १७७ ची गुणवत्ता ३२ वरून ७४. परत लावला, ३१. पुन्हा काढला, ७३. असं पाच वेळा केलं. आई म्हणाली, “आता खेळ पुरे, बातम्या लाव.”

दुसऱ्या बनावटीचा दिवा लावला, आकडा पडला नाही. जुनं खोड काका, तुमची बटणाची कसोटी अगदी चपखल बसली.

गवाक्ष
फार फार आनंद झाला! लावा-काढा पाच वेळा केलंत ते उत्तम. एकदा बघून माणूस फसतो.

झंझावात
अभिनंदन ताई! संध्याकाळ सुटली.

आता माझंही एक विचारतो. हिवाळ्याआधी अँटेना माळ्यावर आत घ्यायचा विचार आहे, उन्हापावसापासून वाचेल. छप्पर पत्र्याचं आहे.

तारांगण
पत्रा असेल तर आत नेऊ नका. धातूमागे लहर पोचतच नाही. चकचकीत फॉइल लावलेली उष्णतारोधक पाटीही तसंच करते, आणि धातूचा पातळ थर दिलेल्या खिडकीच्या काचाही. कौलं किंवा लाकूड असेल तरी थोडा सिग्नल जातोच, फक्त टॉवर जवळ असेल तर ते परवडतं.

मृण्मयी
माझ्याकडे पावसानंतर दोन दिवस चित्र फुटतं, मग सुधारतं. हे कशाचं लक्षण?

जुनं खोड
पाणी. केबलच्या आतली जाळी वातीसारखं पाणी शोषते. वरच्या टोकाला थेंब शिरला तर मीटरभर आत जातो. सुकेपर्यंत चित्र खराब, आणि दर पावसाला तांबं थोडं अधिक खराब. मृण्मयी, वरचा जोड उघडून बघा. मला वाटतं पारिजात यांनाही तेच सापडेल.

पारिजात
चार दिवसांनी लिहिते आहे, कारण रविवारपर्यंत थांबले. भाऊ आला, शिडी धरायला शेजारचे काका आले. आधी केबल हलवण्याची कसोटी: ५६९ चा आकडा ५८ वरून एकदम १०! म्हणजे झाड नव्हे.

वरचा जोड उघडला तर मधली तांब्याची तार हिरवी पडलेली. कनेक्टरवर कुणीतरी साधी चिकटपट्टी गुंडाळली होती, तिच्याखाली पाणी साचलेलं. शिवाय जाळीचा एक केसाएवढा धागा मधल्या तारेला जवळजवळ टेकलेला. भावाने मीटरभर केबल कापून पाहिली तर आतही ओल. मग सगळी केबलच बदलली, आता आरजी-६ आहे. जुनी त्याहून बारीक होती.

नवे आकडे: ५६९ ला ८३, ५८७ ला ७९. काल दिवसभर वारा होता, एकदाही चौकोन आले नाहीत.

जुनं खोड
उत्तम काम. केबल अँटेनापासून थेट खाली आणू नका. जोडाखाली तिचा एक झोका सोडा, म्हणजे पाणी झोक्याच्या तळातून टपकेल, जोडात शिरणार नाही. जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळा, साधी चिकटपट्टी पाणी आत अडवून ठेवते. आणि भाऊ परत चढणार असेल तर अँटेना दांड्यावर हातभर वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवून बघायला सांगा. आपटून आलेल्या लहरी कुठे सरळ लहरीला मारतात, कुठे साथ देतात. ५६९ ला २०-२५ सेंटिमीटरनेही आकडा बदलतो.

अनाहत
धागा आत्ता वाचला, फार उपयोगी. माझी भर: आमच्याकडे जवळ मोबाईलचा टॉवर उभा राहिला आणि सगळ्यात वरच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनल गेले. पूर्वी टीव्हीकडे असलेल्या ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झच्या जागा बऱ्याच देशांत मोबाईलला दिल्या आहेत. जुने बूस्टर त्या लहरींनाही आनंदाने वाढवतात आणि तुंबतात. बूस्टरच्या आधी मोबाईलचा पट्टा अडवणारी गाळणी बसवली, चॅनल परत आले. गाळणी बूस्टरच्या नंतर लावली तर उपयोग नाही, आम्ही आधी तसंच केलं होतं.

झंझावात
@अनाहत, हे माझ्याकडेच लागू असू शकेल. माझा बूस्टर जुना आहे. या शनिवारी तो काढून आकडे लिहून घेतो, मग लावून पुन्हा लिहितो, इथेच टाकतो.

पारिजात
झोका सोडला, रबरी पट्टी लावली. अँटेना अर्धा हात डावीकडे सरकवल्यावर ५८७ सुद्धा ८४ झाला.

एकच उरलंय. आठवड्यात एखाद्या रात्री, हवा अगदी स्तब्ध असेल तेव्हा, ५८७ दहा-पंधरा मिनिटं जातो आणि आपसूक येतो. जिन्यातला दिवा बंद करून पाहिलं, केबल हलवून पाहिली, फरक नाही.

जुनं खोड
वेळ रोज वेगळी?

पारिजात
हो. परवा साडेनऊ, त्याआधी अकरा.

जुनं खोड
मग हवेचे थर. काही करू नका, आणि पुन्हा शोध लावू नका.

पारिजात
बरं काका. आईला रिमोटवरचं ते बटण दाखवून ठेवलंय, दाबायचं नाही म्हणून.